रक्तपिपासू वेस्टर्नपट

भयपटाचा एक उपप्रकार. मृत्यूनंतरही देह धारण करून जिवंत माणसांचे रक्त शोषणारा ‘व्हँपायर’ आणि अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशातील कुरणे, ओसाड वस्त्या व बंदूकधारी स्वार यांची सांगड या चित्रपटांत घातलेली असते. अशा चित्रपटांची संख्या मोठी नाही. तथापि एका भूमीत रुजलेले भय दुसऱ्या भूमीत नेले असता त्यात कोणते फेरबदल करावे लागतात, हे समजण्याच्या दृष्टीने हा उपप्रकार महत्त्वाचा आहे.

रक्तपिपासू प्रेताची कल्पना पूर्व यूरोपीय लोकसमजुतींतून आली. तिला सर्वपरिचित रूप आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) याच्या ड्रॅक्युला (१८९७) या कादंबरीने दिले. या कादंबरीतच पश्चिम अमेरिकेचा एक धागा आहे. ड्रॅक्युलाचा पाठलाग करणाऱ्यांत क्विन्सी मॉरिस हा टेक्ससचा रहिवासी असून अखेरीस त्याचा बोवी सुरा ड्रॅक्युलाच्या हृदयात शिरतो, तर जोनाथन हार्करची कुकरी त्याचा गळा चिरते. म्हणजे यूरोपातील या सरदाराचा अंत अमेरिकन सीमाप्रदेशातील व भारतीय उपखंडातील अशा दोन शस्त्रांनी होतो. चित्रपटांत मात्र मॉरिसचे पात्र पुष्कळदा गाळले गेले.

एफ्. डब्ल्यू. मुर्नाव याचा नोस्फेरातू (१९२२) हा जर्मन मूकपट स्टोकरच्या कादंबरीवर परवानगीवाचून बेतलेला होता. स्टोकरच्या पत्नीने दाद मागितल्यावर १९२५ मध्ये न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. तरी काही प्रती वाचल्या. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू नष्ट होतो, ही आज रूढ असलेली कल्पना या चित्रपटाने प्रचारात आणली. मूळ कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही वावरू शकतो. केवळ त्याची शक्ती त्या वेळी मर्यादित असते. पुढे टॉड ब्राउनिंग याच्या ड्रॅक्युला (१९३१) मध्ये बेला लुगोसी याने आणि टेरेन्स फिशर याच्या त्याच नावाच्या ब्रिटिश रंगीत चित्रपटात (१९५८) क्रिस्टोफर ली याने ही भूमिका केली. जुना गड, शवपेटी, क्रूस व काळा झगा ही या चित्रपटांची ठराविक सामग्री होय.

एडवर्ड डाइन दिग्दर्शित कर्स ऑफ द अन्‌डेड (१९५९) हा सामान्यतः पहिला रक्तपिपासू वेस्टर्नपट मानला जातो. त्यातील रक्तपिपासू हा भाडोत्री बंदूकबाज आहे. मत्सरापोटी भावाची हत्या करून त्याने आत्मघात केलेला असतो व त्या पापामुळे त्याला मरणोत्तर विश्रांती मिळत नाही. शेजाऱ्याशी वितुष्ट आलेली एक कुरणमालकीण सूडासाठी त्याला कामावर ठेवते. त्याच्यावर झाडलेल्या साध्या गोळ्या निष्फळ ठरतात. वेस्टर्न चित्रपटांत न्याय बहुधा पिस्तुलानेच मिळतो; येथे मात्र पिस्तूल निरुपयोगी ठरते आणि धर्मोपदेशकाला गोळीवर लहानसा क्रूस बसवून द्वंद्वास उभे राहावे लागते. विल्यम बोडीन याच्या बिली द किड व्हर्सस ड्रॅक्युला (१९६६) या स्वस्त निर्मितीत असा विचार आढळत नाही. दोन प्रसिद्ध नावे एकत्र आणणे एवढाच तिचा हेतू दिसतो.

या उपप्रकाराला खरी प्रतिष्ठा कॅथरिन बिगेलो हिच्या नीअर डार्क (१९८७) या चित्रपटाने मिळवून दिली. बिगेलो व तिचा सहलेखक एरिक रेड यांना वेस्टर्नपट काढावयाचा होता. परंतु त्यास भांडवल मिळेना, म्हणून त्यांनी त्याला भयपटाची जोड दिली. यातील रक्तपिपासूंची टोळी काचा झाकलेल्या मोटारींतून रात्रीच्या रात्री भटकते. गड, शवपेटी, क्रूस यांपैकी काहीही येथे नाही. ‘व्हँपायर’ हा शब्दही उच्चारला जात नाही. उरते ती केवळ उन्हाची भीती. आणि सावली न देणाऱ्या विस्तीर्ण मैदानात ती अधिकच तीव्र होते. टोळीत ओढल्या गेलेल्या तरुणाला त्याचा पशुवैद्य पिता रक्त भरून पूर्ववत करतो. त्यानंतरच्या चित्रपटांत जॉन कार्पेंटरचा व्हँपायर्स (१९९८) आणि ॲना लिली अमीरपूर हिचा अ गर्ल वॉक्स होम अलोन ॲट नाइट (२०१४) हे उल्लेखनीय आहेत. यांपैकी दुसऱ्याची भाषा फार्सी व कथास्थळ काल्पनिक इराणी नगर असून त्याचे चित्रीकरण कॅलिफोर्नियात झाले.

भारतात या कल्पनेपुढे निराळी अडचण उभी राहते. जेथे प्रेताचे दहन होते, तेथे थडग्यातून उठणार कोण? शिवाय क्रूसाचा धाकही सर्वांना परिचित नाही. लाहोर येथे निर्माण झालेल्या जिंदा लाश (१९६७) या पाकिस्तानी चित्रपटात शास्त्रज्ञाने घेतलेल्या रसायनातून रक्तपिपासू निर्माण होतो, असे दाखवून ही अडचण टाळली आहे. मुंबईच्या रामसे बंधूंनी वेगळा मार्ग काढला. त्यांचा दो गज जमीन के नीचे (१९७२) महाबळेश्वर येथे चित्रित झाला. पुराना मंदिर (१९८४) मध्ये सामरी या राक्षसाचे शिर धडावेगळे करून बंदिस्त ठेवलेले असते. क्रूसाच्या जागी त्रिशूळ येतो. याच चित्रपटात जगदीप याने रंगविलेल्या मच्छरसिंग डाकूच्या विनोदी उपकथेत, वेस्टर्नपटांचा प्रभाव असलेल्या शोले (१९७५) चे विडंबन केले आहे. भय आणि डाकूपट हे दोन्ही प्रवाह त्यामुळे एकाच चित्रपटात आले, परंतु एकजीव झाले नाहीत. तुलसी व श्याम रामसे यांच्या बंद दरवाजा (१९९०) मध्ये रक्तपिपासू ‘नेवला’ काळ्या पहाडावर राहतो आणि अपत्यहीन ठाकूरपत्नीला अपत्याच्या मोबदल्यात वचनात अडकवितो. येथे भयाचे मूळ थडग्यात नसून वारसाच्या लालसेत आहे. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी स्टीव्हन किंगच्या सालेम्स लॉट (१९७५) या कादंबरीच्या आधारे लुचाई लिहून हा विषय वाचकांपर्यंत नेला.

‘वेताळ’ या शब्दासाठी रिचर्ड बर्टन याने आपल्या विक्रम अँड द व्हँपायर (१८७०) या पुस्तकात ‘व्हँपायर’ हा प्रतिशब्द योजला. तो फसवा आहे. वेताळपंचविशीतील वेताळ झाडावर लोंबणाऱ्या प्रेतात वास करतो, पण रक्त शोषीत नाही; तो राजाला गोष्टी सांगून त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा घेतो. कोकणात व गोव्यात तर वेताळ ग्रामरक्षक देव म्हणून पूजिला जातो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथील वेतोबाला भाविक चपला अर्पण करतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो, अशी श्रद्धा आहे. वटवाघळाबाबतही असाच गैरसमज आढळतो. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती असून त्या सर्व अमेरिका खंडांत आहेत. यूरोपीय दंतकथेतील नाव त्यांना मागाहून मिळाले. रात्री हिंडणाऱ्या प्रत्येक अस्तित्वाकडे माणसाने भीतीनेच पाहिले असे नाही, हे यावरून दिसते. म्हणूनच परकीय भय केवळ वेश बदलून येथे रुजत नाही. त्याला स्थानिक श्रद्धा, जमीन व नातेसंबंध यांचा आधार शोधावा लागतो.