ठामपणे बोलणं म्हणजे भांडणं नव्हे: 'नाही' कसं म्हणायचं?

आपलं म्हणणं थेट आणि स्पष्ट सांगायचं, पण समोरच्याचा मान राखून, याला ठाम संवाद म्हणतात. गप्प बसणं आणि अंगावर जाणं यांच्यापेक्षा हा वेगळा मार्ग आहे. रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९७० मधील 'युअर परफेक्ट राइट' या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. ठामपणा सरावाने शिकता येतो, हे त्यामागचं सूत्र.

व्यवहारात: केळीचा भाव

जाहीर भावापेक्षा कमी भाव मिळतो, ही जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांची जुनी तक्रार. समजा, जाहीर भाव क्विंटलला १,८०० रुपये आहे आणि व्यापारी १,५०० देतो म्हणाला.

- पडती भूमिका: "द्या शेठ, काय द्यायचं ते."
- आक्रमक: "तुम्ही सगळे लुटारूच!"
- ठाम: "शेठ, आजचा भाव अठराशे आहे. तीनशे कशामुळे कमी, ते सांगा. माल चांगला आहे, या भावात मी कापणी करू देणार नाही."

ठाम उत्तरात आरोप नाही. वस्तुस्थिती, प्रश्न आणि स्वतःची मर्यादा एवढंच आहे. मात्र तयार केळी फार दिवस थांबत नाही, हे व्यापाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून आधीच आणखी दोन व्यापाऱ्यांशी बोलून ठेवावं लागतं. हाताशी दुसरा पर्याय असला की शब्दांना वजन येतं.

नात्यात: जामीनदाराची सही

धुळ्यात राहणारा चुलतभाऊ पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहायला सांगतो. मनात नकार असूनही "पाहू ना भाऊ" असं म्हटलं जातं. त्याला तो होकार वाटतो, आणि शेवटी भिडेपोटी सही होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे ही भीड महागात पडू शकते.

त्याऐवजी असं सांगता येतं: "भाऊ, तुझी अडचण खरी आहे. पण मी जामीन राहणार नाही. कागदपत्रं जमवायला सोबत येतो." कारणांची लांबण लावू नये; प्रत्येक कारणावर तोडगा सुचवला जातो. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात.

स्वभाव मऊ असेल तर?

ठामपणासाठी चढा आवाज लागत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेले साने गुरुजी हळव्या मनाचे म्हणून ओळखले जातात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं, ही एकच स्पष्ट मागणी घेऊन ते आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी उपोषणाला बसले. खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याचा सल्ला दिला, तरी गुरुजींनी त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवून निर्णय बदलला नाही. दहाव्या दिवशी मंदिराचा मार्ग मोकळा झाला.

मर्यादा

रोजंदारीवरच्या मजुराला मुकादमासमोर 'नाही' म्हणणं सोपं नसतं. काम जाण्याची भीती खरी असते. तिथे एकट्याने बोलण्यापेक्षा चौघांनी मिळून किंवा लेखी म्हणणं मांडणं सुरक्षित. घरात मारहाण होत असेल, तर प्रश्न संवादकौशल्याचा राहत नाही. महिलांनी १८१ या हेल्पलाइनची किंवा ११२ वर पोलिसांची मदत घ्यावी.