कबुलीजबाबाचे उपचारशास्त्र

कैद्यांच्या सुधारणेचे प्रयत्न बहुशः निष्फळ ठरतात, असा निष्कर्ष रॉबर्ट मार्टिन्सन यांनी १९७४ साली अमेरिकेत मांडला, आणि पाच वर्षांनी तो त्यांनी स्वतःच बराचसा मागे घेतला, तरी तुरुंगखात्यांवरील त्याचे सावट लवकर सरले नाही. अशा काळात लैंगिक गुन्हेगारांच्या चिकित्सकांनी आधार घेतला तो मद्यपाशाच्या उपचारांचा : व्यसनमुक्त मनुष्य ज्याप्रमाणे मोहाचे प्रसंग हेरून ते टाळतो, त्याचप्रमाणे या अपराध्यानेही गुन्ह्याकडे नेणाऱ्या पायऱ्या ओळखाव्यात. कॅलिफोर्नियातील अटास्काडेरोच्या सरकारी रुग्णालयात १९८५ पासून या विचाराची परीक्षा झाली, आणि तीही विरळा सचोटीने, कारण राजी असलेल्या कैद्यांपैकी उपचार कोणास मिळावयाचे हे केवळ यदृच्छेवर सोपविलेले होते. २००५ मध्ये जॅनिस मार्केस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतिम वृत्तान्त दिला, तेव्हा दोन्ही गटांच्या पुनरपराधांत लक्षणीय अंतर नव्हते. स्वतःच्याच श्रमांविरुद्ध असा दाखला देणारे संशोधक थोडेच.

इंग्लंड व वेल्सच्या तुरुंगांत १९९१ पासून लैंगिक गुन्हेगारांसाठी जो उपक्रम चालला, त्यात कैद्यांनी एकत्र बसून आपापल्या अपराधाचे साद्यंत कथन करावे, सबबी सोडाव्यात, पीडितांच्या यातना कल्पनेने जाणून घ्याव्यात, असा परिपाठ होता. आणि पश्चात्तापाविषयीच्या आपणां सर्वांच्या धारणेशी तो इतका जुळणारा होता, की त्याविषयी शंका घेणे हीच पीडितांशी प्रतारणा वाटावी. वस्तुतः गुन्हा नाकारणे किंवा पीडितांविषयी कळवळा नसणे यांचा पुढील गुन्ह्याशी फारसा संबंध नाही, विकृत कामेच्छा व बेबंद समाजद्रोही वृत्ती यांचा मात्र आहे, असे कॅनडाचे कार्ल हॅन्सन यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २००५ मध्येच दाखविले होते. दप्तरी ठरलेला क्रम तरीही चालू राहिला. २०१७ मध्ये न्यायमंत्रालयाचा अहवाल आला : उपक्रमातून गेलेल्या २,५६२ कैद्यांपैकी १० टक्क्यांनी, आणि त्यात न गेलेल्या तत्सम कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी, पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. येथे यदृच्छेची कसोटी नव्हती हे खरे. परंतु सव्वीस वर्षांच्या कारभारास ही सबब पुरेशी नव्हे.

ज्याची जोखीम अधिक त्यास उपचार अधिक, हे कॅनडाच्या अँड्रूज व बोन्टा यांचे सूत्र, आणि केवळ निषेधांच्या यादीवर मनुष्य जगत नाही, त्यास जगण्याजोगे काही हवे, हे न्यूझीलंडच्या टोनी वॉर्ड यांचे म्हणणे, यांनाच आता अधिक मान आहे. जुना उपक्रम मोडीत निघून त्याच्या जागी आलेल्या ‘होरायझन’ व ‘कायझेन’ यांत गुन्हा नाकारणाऱ्या कैद्यासही प्रवेश मिळू लागला.