डब्यावरचं नाव, कढईमागचा हात

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. संगीतप्रेमींना ते त्यागराजांच्या समाधीमुळे ठाऊक, खवय्यांना ‘अशोका’मुळे. मूगडाळ, साखर आणि सढळ तूप घालून आटवलेला हा हलवा. समजा, पुण्यातल्या एखाद्या नवउद्योजिकेला तो आपल्या ब्रँडखाली विकायचा आहे, पण कढई तिरुवैयारुचीच हवी आहे. करार करण्याआधी तिने हे गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : दुसऱ्याकडून बनवून घ्यायचं, मग पद्धत कोणतीही असो.
वस्तुस्थिती : पाककृती कोणाची आणि कच्चा माल कोणाचा, यावर सगळं ठरतं. डाळ-तूप तिने पाठवलं आणि हलवायाने फक्त मजुरी घेतली, तर ते जॉबवर्क. माल तिच्याच मालकीचा राहतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो वर्षभरात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. पाककृती तिची, पण खरेदी हलवायाची असेल, तर ते कंत्राटी उत्पादन. इथे दर तयार डब्याचा ठरतो, म्हणून तूप महागलं तर झळ कोणी सोसायची हे आधीच लिहून ठेवावं. हलवायाचा नेहमीचाच हलवा आणि लेबल तेवढं तिचं, हे झालं प्रायव्हेट लेबल. तोच हलवा उद्या दुसऱ्या ब्रँडच्या डब्यातही दिसू शकतो.

गैरसमज : परवान्याने केलेलं उत्पादन म्हणजेही कंत्राट.
वस्तुस्थिती : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचं तंत्रज्ञान परवान्याने घेतलं आणि लस ‘कोविशील्ड’ या आपल्या नावाने विकली. चाकणला बजाज ऑटो ट्रायम्फच्या ४०० सीसी मोटरसायकली बनवते, पण टाकीवर नाव ट्रायम्फचंच असतं. कारखाने दोन्ही पुणे परिसरातले, बाजारातल्या नावाची मालकी मात्र वेगवेगळ्यांची.

गैरसमज : बाहेरून बनवून घेतलेला माल दुय्यम असतो.
वस्तुस्थिती : तमिळनाडूतच, श्रीपेरुंबुदूरला, फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. त्यांना कोणी दुय्यम म्हणत नाही. दर्जा टिकतो तो मंजूर नमुन्यामुळे, प्रत्येक घाण्याच्या तपासणीमुळे आणि न कळवता कारखाना पाहण्याच्या हक्कामुळे. या तिन्ही गोष्टी करारात हव्यात.

गैरसमज : बनवणारा दुसरा, म्हणजे दोषही त्याचाच.
वस्तुस्थिती : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो आपली मुद्रा लावतो, तोही ‘उत्पादक’च. औषधांच्या बाबतीत तर १ मार्च २०२१ पासून विपणन करणारी कंपनीही दर्जाला जबाबदार धरली जाते. काम बाहेर देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

गैरसमज : खरा उत्पादक ग्राहकाला कळत नाही.
वस्तुस्थिती : खाद्यपदार्थ ब्रँडमालकाने स्वतः बनवला नसेल, तर बनवणाऱ्याचा १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांकही वेष्टनावर छापावा लागतो. सरकारी फॉसकॉस संकेतस्थळावर तो टाकला की परवानाधारकाचं नाव समोर येतं.

गैरसमज : ट्रेडमार्क घेतला की पाककृतीही सुरक्षित.
वस्तुस्थिती : ट्रेडमार्क नाव राखतो, पाककृती नाही. ती राखायला गुप्ततेचा लेखी करार लागतो, आणि तो दोन्ही बाजूंनी न्याय्य असावा. पुण्याहून पाठवलेली कृती हलवायाने इतरांना देऊ नये, तसं त्याच्या घराण्याचं तंत्र ब्रँडनेही परस्पर दुसऱ्या कारखान्यात नेऊ नये. हलवा कुठे घट्ट धरायचा आणि कुठे तूप सुटू द्यायचं, हे त्याच्या हाताला वर्षानुवर्षांच्या सरावाने कळलेलं असतं. त्या जाणकारीचं मोल करारात दिसलं, तरच डब्यावर तिरुवैयारुचं नाव मानाने छापता येईल.