विक्रीचे शब्द

विक्रीचा मजकूर लिहावयास बसलेला नवशिका पहिल्या ओळीत ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द योजतो, दुसऱ्या ओळीत ‘एकमेव’, आणि तिसरीत ‘अवश्य भेट द्या’ असे लिहून मोकळा होतो. कागद भरतो, दुकानदारही खूष होतो. कारण आपल्या मालाची स्तुती कोणाला आवडत नाही? परंतु ज्याच्या खिशातून पैसे निघावयाचे, तो मनुष्य ह्या सबंध मजकुरात कोठेच नसतो. त्याला काय हवे आहे, तो कशाला भितो, पूर्वी तो कोठे फसला आहे, ह्याची विचारपूस कोणी केलेलीच नसते. मन वळविणारे लेखन शिकावयाचे ते येथून, म्हणजे मालाकडे पाठ फिरवून काही वेळ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहण्यापासून.

हे शिक्षण घेण्यास हैदराबादेसारखे गाव नाही. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कानडी अशा चार भाषा ह्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या. अशा ठिकाणी एकाच वस्तूची ओळख सर्वांना पटवून द्यावयाची म्हणजे साधी गोष्ट नव्हे. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी ह्यांनी १९२० साली येथे ‘जिंदा तिलिस्मात’ हे युनानी औषध काढले, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. निजामाच्या राज्यात त्या काळी अक्षर ओळखणारा मनुष्य विरळा. आणि ओळखलेच तर ते कोणत्या लिपीतले, हा पुन्हा प्रश्न. तेव्हा औषधाला चेहरा मिळाला तो एका धिप्पाड सिद्दी तरुणाचा. निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाच्या घोडेस्वारांची तुकडी होती. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन ‘ए. सी. गार्ड्स’ ही वस्ती आजही शहरात आहे. ह्या सिद्द्यांचे बळ आणि काटक शरीर नगरवासीयांच्या नित्य पाहण्यातले होते. ‘हे औषध शक्ती देते’ असे चार लिपींत लिहून जे साधले नसते, ते ह्या एका चित्राने साधले. ज्याला वाचता येत नव्हते, त्याने दुकानात जाऊन नुसते चित्राकडे बोट दाखवावे आणि बाटली घेऊन घरी यावे!

नावाचा अर्थ ‘जिवंत जादू’ असा होतो. बाटलीत मात्र निलगिरीचे तेल, कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे सत्त्व अशी घरोघरच्या आजीबाईंना परिचित असलेली द्रव्ये आहेत. नाव मोठे काव्यमय, परंतु ते घ्यावयाचे कसे, तर पाण्यातून वा चहातून काही थेंब, कपाळाला चोळून, किंवा वाफ हुंगून. नवशिक्याने येथे क्षणभर थांबावे. लोक नावाने थबकतात हे खरे. पण बाटली घरात येते ती ‘किती थेंब, कशातून, केव्हा’ ह्या साध्या सूचनेमुळे. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाला स्तुती वाचावयाची नसते. आता नेमके काय करावयाचे, तेवढे त्याला हवे असते. वस्तू वापरावी कशी हे नीट सांगणे, हाच पुष्कळदा विक्रीचा उत्तम मजकूर ठरतो. आपल्याकडे पुस्तिकेचा हा भाग कोणा कारकुनाकडे सोपवितात आणि लेखक मथळ्याशी झुंजत बसतो, हे उलटे आहे.

कित्येकदा शब्दांचा उपयोगच नसतो. काशिनाथुनी नागेश्वरराव पंतुलू ह्या तेलुगू गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत ‘अमृतांजन’ काढले, तेव्हा ते संगीताच्या बैठकींतून मलम फुकट वाटीत. रात्री उशिरापर्यंत बसून डोके जड झालेल्या रसिकाला त्याच क्षणी आराम पडला, म्हणजे जाहिरात संपली आणि विक्री सुरू झाली. (ह्याच गृहस्थांनी पुढे १९०८ साली मुंबईतून ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले. ज्याने मलम विकले, त्याने वृत्तपत्रही चालविले, ही गोष्ट लेखणी आणि व्यापार ह्यांत सोवळेओवळे पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) चारमिनारपाशी अत्तरवाला मनगटावर अत्तराचे बोट लावून गप्प बसतो, तोही ह्याच परंपरेतला. बोलावे केव्हा ह्याइतकेच थांबावे केव्हा, हे त्याला कळते.

तथापि प्रत्येक वस्तूचा नमुना वाटता येत नाही. लोखंडी नांगराचा नमुना कोण वाटणार? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी असा नांगर केला, तेव्हा लोखंड जमिनीत गेले की जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपण्यास फार काळ लागला. आता अशा शेतकऱ्यापुढे ‘अत्यंत मजबूत, टिकाऊ आणि आधुनिक’ असे कितीही लिहिले तरी काय उपयोग? नांगर मजबूत नाही असे तो म्हणतच नव्हता. त्याची शंका वेगळी होती, आणि ती निघण्यास दुसऱ्याच्या शेतातले उभे पीक हाच पुरावा हवा होता. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. आरंभी कारखान्याची आणि मालाची वार्ता देणारे हे पत्रक वाढत वाढत मराठीतले मोठे मासिक झाले. विक्रीच्या निमित्ताने सुरू झालेले लेखन वाचकाला काहीतरी खरोखरीच देऊ लागले, तर कोठवर पोहोचते, ह्याचा दाखला मराठी माणसाला दूर शोधावयास नको.

ह्या उदाहरणांवरून नवशिक्याने एक सराव करावा. लाड बाजारात जाऊन लाखेच्या बांगड्यांविषयी पाच वाक्ये लिहावयाची. घरी बसून लिहिले तर वाक्ये ठरलेली: ‘मनमोहक रंग, अप्रतिम कलाकुसर, स्त्रीसौंदर्याचा अलंकार.’ हीच वाक्ये साडीला चालतील, चपलेलाही चालतील. आणि जे वाक्य कोणत्याही मालाला चालते, ते कोणताच माल विकीत नाही. आता कारागिराच्या शेजारी तासभर बसावे. निखाऱ्यावर लाख मऊ होते, तिची वळी करून कड्याचा आकार देतात, आणि ती ऊबदार असतानाच एकेक खडा हाताने दाबून बसवितात. थंड झाली की खडा पक्का. नवशिका म्हणेल, ‘पण हे तर येथले सगळेच करतात!’ करतात खरे. परंतु सांगतो कोण? अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स ह्या जाहिरात-लेखकाने एका बियरच्या कारखान्यात बाटल्या वाफेने धुण्याची खटपट पाहिली आणि तेवढेच वर्णन करून लिहिले. ती पद्धत सर्वच कारखान्यांची होती, पण ती लोकांना सांगावी असे कोणाला सुचले नव्हते. रोजच्या सवयीने कारागिराला जे क्षुल्लक वाटते, तेच पुष्कळदा गिऱ्हाइकाला नवल वाटते. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही जरूर लिहावे; मात्र ते शेवटी. मानांकन हातात घालता येत नाही, बांगडी घालता येते.

मग प्रश्न भाषेचा. आज पुष्कळशा मराठी जाहिराती इंग्रजीत वा हिंदीत जन्मतात आणि घाईने मराठीत येतात. ‘मिळवा वीस टक्के सूट’, ‘द्या आपल्या केसांना नवे जीवन’, ‘आम्ही घेऊन आलो आहोत खास आपल्यासाठी’ अशी क्रियापद पुढे ढकललेली वाक्ये वाचून मराठी कान अडखळतो. मराठी गृहिणी दुकानात असे बोलत नाही. ती विचारते, ‘रंग जाईल का हो?’ ह्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच बोलीत देणारा मजकूर भाषांतराने येत नाही. तो त्या भाषेत नव्यानेच लिहावा लागतो. हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाला ह्याची जाण अधिक असावी. एकच गोष्ट तेलुगू शेजाऱ्याला एका रीतीने आणि उर्दू बोलणाऱ्या दुकानदाराला दुसऱ्या रीतीने सांगावी लागते, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो.

ही विद्या हाती आली की तिचा धोकाही कळला पाहिजे. मन वळविता येते म्हणूनच चुकीच्या बाजूलाही वळविता येते. आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई जाहिरात वाचते, तेव्हा ती टीकाकार नसते. तिला विश्वास ठेवावयाचाच असतो. तिने डॉक्टरकडे जावयाचे चार दिवस एखाद्या वाक्याच्या भरवशावर घालविले, तर ते वाक्य कोणी लिहिले हे कोणी विचारीत नाही. भारतात १९५४ साली औषधे व जादूचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला, तो ह्याच कारणाने. कर्करोग, मधुमेह, अंधत्व, बहिरेपण असे अनेक विकार त्याच्या परिशिष्टात आहेत. ते बरे करण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करता येत नाही. कायद्यातील ‘जादूचा उपाय’ ह्या संज्ञेत ताईत येतो. इंग्रजीत ह्या ताईताला जो शब्द आहे, तो आणि ‘तिलिस्म’ एकाच मुळाचे, ही भाषेची गंमत. कायद्याचा रोख नावातल्या काव्यावर नसून खोट्या आशेवर आहे, हे मात्र विसरू नये. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी आणखी एक शहाणपणाची अट घातली: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मोठे आश्वासन मराठीत आणि ‘अटी लागू’ मुंगीएवढ्या इंग्रजीत, ही युक्ती त्यामुळे नियमबाह्य ठरली.

पाच वाक्ये लिहून झाली की नवशिक्याने ती घेऊन पुन्हा लाड बाजारात जावे आणि ज्याच्याकडे बसून पाहिले त्या कारागिराला वाचून दाखवावीत. तो नुसताच हसला, तर कागद फाडावा. ‘बरोबर आहे; पण उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, लाख मऊ पडते, हेही लिहा,’ असे तो म्हणाला, तर ते वाक्य लहान अक्षरांत खाली न दडविता पाचांच्या जोडीला सहावे म्हणून लिहावे.