उन्हात वाकतो, थंडीत तुटतो

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागला की चंद्रपुरात भरदुपारी रस्ते ओस पडतात. रेल्वेच्या ट्रॅकमॅनचं खरं काम मात्र त्याच वेळी सुरू होतं. चंद्रपुरातल्या चांदा फोर्ट स्टेशनहून केळझर, मूल, सिंदेवाही, नागभीड करत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडे जाणारी लाईन बरीचशी जंगलातून जाते. मे महिन्यातल्या एका दुपारी या लाईनवर मी उन्हाळी गस्तीबरोबर चाललो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, खांद्यावर पाना-हातोडा, सोबत लाल-हिरव्या झेंड्या आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके, एवढा जामानिमा घेऊन ट्रॅकमॅन पुढे चालत होता.

हवा ४५ अंशांच्या पुढे गेली की उघड्यावरचा रूळ सहज ६० ओलांडतो. पूर्वी दोन रुळांच्या सांध्यात फट ठेवत. गाडीचा तो ओळखीचा खडखडाट त्या फटींचाच. आता मैलोन् मैल रूळ वेल्डिंगने सलग जोडलेले असतात. प्रवास सुखाचा झाला, पण तापलेल्या लोखंडाला पसरायला जागा उरली नाही. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचं तापमान एका अंशाने वाढलं, की त्यात सुमारे १.९ टन दाब साठतो. म्हणजे २० अंशांनी एका रुळात ३८ टन, दोन्ही मिळून ७६. म्हणूनच रूळ बसवताना त्यातला ताण ज्या तापमानाला काढलेला असतो, त्याच्या २० अंश वर रुळाचं तापमान गेलं की गस्त लावावी लागते.

हा सगळा दाब अडवून धरतात त्या क्लिपा, स्लीपर आणि खडी. त्यातली खडी सर्वांत महत्त्वाची. स्लीपरच्या टोकाशी ती कमी पडली, की रूळ बाजूला सरकायला वाट मिळते. ट्रॅकमॅन दर थोड्या अंतराने उकिडवा बसायचा आणि डोळा रुळाच्या रेषेत आणून दूरवर पाहायचा. एका स्लीपरच्या टोकाशी खडीपासून बोटभर फट पडली होती. तो थांबला, मागची-पुढची खडी निरखली, हातोड्याने क्लिपा ठोकून पाहिल्या आणि रूळ जागचा हलला नसल्याची खात्री झाल्यावरच खडी ओढून ती फट बुजवली. रूळ खरोखर वाकलेला दिसला, तर गाडी रोखायला धावावं लागतं. वाकलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. त्या उन्हात, खडीवरून.

डोक्यावरची २५,००० व्होल्टची तारही उन्हाने लांबते. तार सैल पडली तर इंजिनाच्या छतावरचा, तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ तिच्यात अडकून सगळंच ओढून तोडू शकतो. म्हणून ठराविक खांबांवर कप्पीला जड वजनं टांगलेली असतात. तार लांबली की ती खाली येतात, आकसली की वर जातात, आणि तारेचा ताण कायम राहतो. पाऊण किलोमीटर तांब्याची तार ३० अंशांनी तापली तर साधारण ३८ सेंटीमीटर वाढते. एकास तीनच्या कप्पीमुळे वजनं मीटरभराहून अधिक उतरतात. सकाळी आणि दुपारी तोच खांब पाहिला तर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

काश्मीरमध्ये बनिहाल ते बारामुल्ला विजेवर गाड्या धावतात. तिथे हीच तार बर्फाशी झुंजते. तारेवर बर्फाचा थर चढला की पेंटोग्राफला नीट वीज मिळत नाही, ठिणग्या उडून तार आणि पेंटोग्राफची पट्टी दोन्ही जळतात. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांत बर्फ साचला की रूळ बदलता येत नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण थंडी रुळाला सोडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरला की रूळ आकसतो, ताणला जातो आणि वेल्डिंगच्या कच्च्या जागी तडकू शकतो. म्हणून मग रात्रीची गस्त. तीही वाघांच्या जंगलातून. याच लाईनवर जुनोन्याजवळ नोव्हेंबर २०१८मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले होते. इथे गाडीची आणि वाघाची वाट एकच आहे, आणि ट्रॅकमॅनचीही तीच.

तारेचा ताण सांभाळायला वजनं आहेत, रूळ धरून ठेवायला क्लिपा आहेत. या दोन्हींवर नजर ठेवणाऱ्या माणसासाठी काय आहे? डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या माणसाला बोटभर फट दिसणार नाही. म्हणून गस्तीच्या वाटेवर ठराविक अंतरावर सावली आणि गार पाणी, भर उन्हात छोट्या पाळ्या, जंगलपट्ट्यात रात्री एकट्याला न पाठवणं या गोष्टींकडे सवलत म्हणून पाहू नये. खडी आणि क्लिपांइतक्याच त्याही गाडीच्या सुरक्षिततेसाठी लागतात, आणि त्यांचा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा. वडशाहून गडचिरोलीपर्यंत नव्या रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. तिथे रुळांबरोबर ही सावलीही पहिल्यापासूनच आखली जावी.