लाइपझिगचें वस्त्रगृह व तेथील वाद्यवृंद

जर्मनींतील लाइपझिग शहराच्या वाद्यवृंदास ‘गेवांडहाउस’ असें नांव आहे. ‘गेवांड’ म्हणजे वस्त्र व ‘हाउस’ म्हणजे गृह. संगीताच्या संस्थेस वस्त्रगृह हें नांव कां पडावें, याचा उलगडा तिच्या इतिहासांत होतो.

युरोपांतील जुने वाद्यवृंद बहुधा राजांच्या पदरीं असत. हा वृंद मात्र नागरिकांनीं उभा केला. इ. स. १७४३ मध्यें १६ गृहस्थांनीं स्वखर्चानें १६ वादक ठेविले. प्रयोग आरंभीं खासगी घरांत व पुढें ‘तीन हंस’ नामक पथिकगृहांत होत. सप्तवार्षिक युद्धांत (१७५६–६३) त्यांत खंड पडला. १७८१ मध्यें कापडव्यापाऱ्यांच्या इमारतींत सुमारें ५०० श्रोत्यांचें दालन सिद्ध झालें. योहान आडाम हिलर हा चालक झाला आणि इमारतीचें नांव वृंदास चिकटलें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष मननीय अशी हकीकत पुढील होय. व्हिएन्नाचा रचनाकार फ्रान्झ शूबर्ट १८२८ मध्यें वारला. ‘सी मेजर’ स्वरांतील आपली मोठी सिंफनी त्यानें तेथील संगीतमित्रमंडळास अर्पण केली होती. परंतु वाजविण्यास अवघड म्हणून ती बाजूस पडली. १८३९ च्या आरंभीं रोबेर्ट शूमान यानें शूबर्टचा बंधु फेर्डिनांड याच्याकडील कागद पाहिले व या कृतीची थोरवी ओळखली. त्याच्या खटपटीनें ती लाइपझिगास पोचली. १८३५ पासून वृंदाचा चालक असलेल्या मेंडेल्सझोन यानें ता. २१ मार्च १८३९ रोजीं तिचा प्रयोग केला. कर्त्याच्या मृत्यूस तेव्हां दहा वर्षें लोटलीं होतीं.

१८८४ मध्यें वृंदास स्वतंत्र मंदिर लाभलें. मेंडेल्सझोन यहुदी कुळांतील, म्हणून त्याचा तेथील पुतळा नाझी अमदानींत १९३६ मध्यें हलविण्यांत आला. १९४३-४४ मधील बाँबहल्ल्यांत तें मंदिरहि उद्ध्वस्त झालें. १९६८ मध्यें त्याचे अवशेष पाडले गेले. तिसरें मंदिर १९८१ मध्यें उघडलें, आणि २००८ मध्यें पुतळ्याची प्रतिकृति शहरांत पुन्हां उभी राहिली.

वास्तु बदलल्या, नांव टिकलें. कारण मूळ संस्था नागरिकांची होती. सिंफनीच्या कथेचें तात्पर्य याहून निराळें आहे. कागद जपणारा बंधु, ते ओळखणारा जाणता व ते लोकांपुढें मांडणारा प्रयोक्ता, या तिघांचा योग आला म्हणून ती कृति ऐकूं आली. बासनांत बांधलेली पोथी नष्ट होत नाहीं हें खरें, परंतु उघडून वाचल्यावांचून ती जगतहि नाहीं.