पत्रे येतात, पण जात नाहीत!

रियाधच्या अल मलाझमध्ये राहणारी आम्ही मंडळी गावाकडच्या बँकेला, शाळेला कागद पाठवतो ते ई-मेलनेच. थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये पत्रे येत राहतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. आणि आपले पत्र मात्र आउटबॉक्समध्येच पडून राहते!

कारण साधे आहे. पत्रे आणणारा सर्व्हर वेगळा, नेणारा वेगळा. तेव्हा नेणाऱ्याची सेटिंग्ज तपासावीत. प्रथम पोर्ट पाहावे. नको त्या जाहिरातींना आळा बसावा म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या २५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. तेथे ५८७ घालून ‘स्टार्टटीएलएस’ निवडावे, अथवा ४६५ घालून ‘एसएसएल/टीएलएस’.

मग पासवर्ड. जीमेलने २०२२ च्या मेअखेरपासून मेल प्रोग्रामना नेहमीच्या पासवर्डवर प्रवेश देणे थांबवण्यास सुरुवात केली. तेथे ‘ओऑथ२’ निवडून गूगलच्या खिडकीतून साइन-इन करावे. शिवाय २५ एमबीहून जड पत्र जीमेल नेत नाही. कागद दोन-तीन पत्रांत विभागावेत.

आणि वाचकहो, पाठवल्यावर आउटबॉक्स रिकामा झाला की नाही, हे तेव्हाच पाहावे. आपल्याकडे दुपारचे दोन वाजतात, तेव्हा तिकडे साडेचार झालेले असतात. मुदत तिकडच्या घड्याळावर संपते, आपल्या नव्हे!